डावा बॉक्स कमी वाजतो

एखाद्या माणसावर जळायचं तर त्याच्याकडे जळण्यासारखं काहीतरी दिसावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. ह्याच्याकडे काहीच दिसत नव्हतं. कंपनीची खाकी पँट, घोट्याच्या वर दुमडलेली. खिशात टेस्टर आणि टेस्टरला गुंडाळलेली, जागोजागी गाठी मारलेली सुतळी. डब्यात रोज तांदळाची भाकरी आणि सुकट. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की खिडकी लावून घ्यायचा, कारण वारा म्हणे 'उगाच मधे मधे बोलतो'. मोठा हुद्दा, मुंबईत फ्लॅट असलं काही असतं तर माझ्या जळण्याला निदान प्रतिष्ठा तरी आली असती. त्याच्याकडे होते फक्त दोन कान, आणि मी त्यांच्यावर वीसेक वर्षं जळलो.

त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पोशीरपासून शिळफाट्यापर्यंत कोणी ना कोणी उठून म्हणेल, "अरे, त्यांनीच तर आमच्याकडचा गाण्याचा ॲम्प बसवून दिला!" आणि मला पुन्हा नव्याने जळावं लागेल.

आम्ही दोघं खोपोलीच्या बाजूला एकाच कारखान्यात. तो मेंटेनन्सला वायरमन, मी स्टोअरला कारकून. मी कर्जतचा. तो पोशीरहून मोटरसायकलने कर्जतपर्यंत यायचा आणि पुढे आम्ही कंपनीच्या बसने जायचो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मला तो 'स्टोर' म्हणायचा. माणसाला त्याच्या खात्याच्या नावाने हाक मारायची, ही त्याची पद्धत. मोठ्या साहेबालासुद्धा तोंडावर साहेब आणि पाठीमागे 'प्रॉडक्शन'. "नाव आयबापानं ठेवलंय, काम तू करतोस," असं त्याचं म्हणणं.

कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी टाळी वाजवायचा. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून ती टाळी भिंतीवरून परत कशी येते ते ऐकायचा आणि मगच खुर्चीवर टेकायचा. एकदा आमच्या हेडक्लार्कच्या वडिलांच्या तेराव्याला आम्ही सगळे गेलो होतो. दारात चपला काढल्या, आत सगळे मान खाली घालून बसलेले, आणि ह्याने टाळी वाजवली. मी भिंतीत शिरायला फट शोधत होतो. हा मात्र शांतपणे हेडक्लार्कला म्हणाला, "वडील नशीबवान रं. ह्या खोलीत माणसाचा आवाज चांगला लागतो." आणि तो हेडक्लार्क, जो आम्हाला साधी रजा मंजूर करताना दात-ओठ खायचा, त्याच्या गळ्यात पडून रडला! मी त्याच घरात एक तास सांत्वन करत बसलो होतो, माझ्या गळ्यात कोणी पडलं नाही.

बसच्या ड्रायव्हरचंही तेच. एका सकाळी हा जागेवरून उठून पुढे गेला आणि म्हणाला, "मागं डाव्या चाकाचा बेअरिंग चाललाय, बघून घे." ड्रायव्हर हसला. पण संध्याकाळी चाक उघडलं तर बेअरिंगचा भुगा. त्या दिवसापासून ड्रायव्हरच्या मागची सीट त्याची. मी त्याच बसने त्याच्या आधीपासून जात होतो. पण बसचा कुठला भाग कुरकुरतो हे मला कसं कळावं? मला सगळी बसच कुरकुरताना ऐकू यायची.

एका रविवारी त्याने मला पोशीरला घरी बोलावलं. "ये रं स्टोर, माझा बाजा ऐक." मी गेलो, तो खरं तर त्याची फजिती बघायला. घरात पूर्वी भात साठवायची खोली होती, तीच त्याची गाणं ऐकायची जागा. ॲम्प्लिफायर शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून आणलेला, वरचं झाकण नाही, आतली सगळी आतडी उघडी. स्पीकरचे बॉक्स त्याने जुन्या दारांच्या फळ्या कापून स्वतः बनवलेले. एका बॉक्सला अजून कडीची भोकं होती. समोर बसायला तांदळाचं भरलेलं पोतं. मला वाटलं, झालं, आता चहा पिऊन निघू.

त्याने मला पोत्यावर बसवलं, खांदे धरून बोटभर डावीकडे सरकवलं आणि बटण दाबलं. गाणं नाहीच. नुसता भात झोडल्याचा आवाज. त्याने स्वतःच्या खळ्यावर स्वतः रेकॉर्ड केलेला.

"गाणं कसं गायलं होतं ते मला काय ठाव? मी तिथं नव्हतो," तो म्हणाला. "पण ह्या पेंढ्या मी झोडल्यात. ॲम्प खोटं बोलला तर मला लगेच कळतं."

पेंढी फळीवर आपटली तो दणका पोटात लागला. आणि त्याच्या मागोमाग दाणे ताडपत्रीवर उडाले ते वेगळे, एकेक, काही जवळ, काही लांब भिंतीपाशी. मी डोळे मिटले होते. थोड्या वेळाने माझी मान खाजायला लागली. खरंच सांगतो, कुसळं टोचल्यासारखी! मी कॉलर झटकली तसा तो खूश झाला. "खाजलं ना? सगळ्यांना खाजतं."

मी चहा न पिताच निघालो. नेरळ येईपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की भंगाराच्या डब्यातून असला आवाज येत नसतो, काहीतरी चलाखी असणार. मला तो आवाज माझ्या घरात हवा होता. त्याच्याहून मोठा हवा होता.

आता आमच्या भागात मोठा आवाज म्हणजेच चांगला आवाज. हळदीला डीजे लागला आणि छातीचा पिंजरा हलला नाही तर लोक यजमानाला नावं ठेवतात. मीही त्याच मातीतला. मी वॅट बघून माल घेतला. खोक्यावर आकडा एवढा मोठा की दुकानदारालाच तो वाचताना अभिमान वाटत होता. चार कोपऱ्यांत चार डबे, मधे एक, आणि खाली वूफर. आमचा हॉल बारा बाय दहाचा, पहिल्या मजल्यावर. पहिलं गाणं लावलं आणि शोकेसमधल्या काचा वाजायला लागल्या, लोणच्याच्या बरणीचं झाकण वाजायला लागलं, खालच्या मजल्यावरचे काका वर आले. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"हळदीला बसल्यासारखं वाटतं हो," ती आतून म्हणाली. "फक्त जेवाण नाय."

मी बसमध्ये त्याला आकडा सांगितला. त्याने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "हॉल हाय का मंगल कार्यालय?" मागच्या सीटवरचे चार जण हसले. त्यातल्या दोघांच्या घरी त्यानेच बसवून दिलेले ॲम्प होते.

तरी मी हटलो नाही. कोणीतरी म्हणालं तार जाड पाहिजे, म्हणून करंगळीएवढी जाड, पारदर्शक, आतून तांबं चमकणारी तार आणली आणि मुद्दाम त्याला दाखवायला बसमध्ये घेऊन गेलो. त्याने ती हातात घेतली, ताणून बघितली आणि म्हणाला, "चांगली हाय. कपडे वाळत घाल, तुटायची नाय."

शेवटी मी हात टेकले. पण 'मला तुमच्यासारखा आवाज पाहिजे' हे तोंडातून निघेना. वीस माणसांच्या बसमध्ये तर नाहीच. म्हणून मी खोटं बोललो. म्हणालो, "माझं काही नाही हो, मला काय कळतं त्यातलं. बायकोसाठी एखादा साधा सेट बघून द्या. ती ऐकेल."

तो वळून माझ्याकडे बघत राहिला. कुठल्याही गिऱ्हाइकाला तो पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: ऐकणार कोण? वॅट, कंपनी, रंग, सगळं नंतर. "लोक आधी चपला घेतात आन् मग त्या मापाचा पाय शोधतात," तो म्हणायचा. "आधी कान बघायचा, मग जागा, मग बॉक्स. ॲम्प शेवटी. बॉक्सला झेपेल तेवढाच."

"वहिनी ऐकणार," तो म्हणाला. "बरं. येतो मी रविवारी."

रविवारी आला. दारात टाळी वाजवली. बायको दचकून बाहेर आली, तर हा तिला म्हणतो, "वहिनी, पडदे जाड लावलेत ते बरं केलंत. तुमच्या घरात आवाज फिरत नाय." लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मी ते पडदे कधी बघितलेसुद्धा नव्हते. तिचा चेहरा असा उजळला, जसा माझ्या बढतीच्या दिवशीही उजळला नव्हता.

मी सोफ्यावर माझ्या जागी बसलो, टीव्हीसमोर, माझी बैठक. तो माझ्याकडे फिरकलाच नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसून त्याने तिला विचारलं, "तुमी भाजी निवडायला कुठं बसता?"

"इथंच. दाराशी. कुकरकडं पण लक्ष ठेवता येतं."

"बसा बघू."

ती पाट घेऊन बसली. त्याने खिशातली सुतळी काढली, एक टोक फरशीला लावलं आणि दुसरं तिच्या कानापर्यंत नेलं, हात न लावता, वीतभर लांबून. तिथे गाठ मारली. त्या सुतळीवरची प्रत्येक गाठ म्हणजे कोणाचा तरी कान होता हे मला तेव्हा कळलं. ती लाजून हसत होती. मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता की सुलटा ते विचारू नका.

मग त्याने तिला विचारलं की तिला काय ऐकायला आवडतं. मी उत्तर देणार होतो, 'तिला काय, काहीही चालतं.' तेवढ्यात ती म्हणाली, "माझी मावशी धवलारीण होती. आमच्या लग्नात तिनं धवले गायले, त्याची कॅसेट हाय. पण आता कॅसेट लावणार कशावर?"

आमच्याकडे लग्नात धवले गाणारी बाई लागते, तिच्या गाण्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. आमच्याही लग्नात एक बाई दिवसभर गात होती एवढं मला आठवत होतं. ती हिची मावशी होती, आता हयात नव्हती आणि तिचा आवाज आमच्या कपाटात साड्यांखाली पडून होता, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. आणि ते कळत होतं तिऱ्हाइतामुळे, माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून. मला त्या सुतळीने त्याचा गळा आवळावासा वाटला.

कॅसेट तो घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी सेट घेऊन आला. जुना पण नेटका, चॅनलला पंचवीस वॅटचा ॲम्प, दोन लाकडी बॉक्स आणि पेनड्राइव्ह चालणारा एक प्लेअर. पेनड्राइव्हमध्ये त्याने मावशी भरून आणली होती, खरखर बरीचशी काढून. बॉक्स कुठे ठेवायचे ते त्याने सुतळीने मापून खडूने फरशीवर आखलं, थोडे तिरके केले, आणि जाताना मला बजावलं, "ह्यांना हलवू नको रं."

संध्याकाळी मी सोफ्यावर बसून माझं आवडतं गाणं लावलं. आवाज गोड होता, नाही कशाला म्हणू? पण पोशीरची गोष्ट नाही. गाणारी बाई समोर उभी राहायच्या ऐवजी उजव्या बॉक्सच्या आत बसून गात होती. डावा बॉक्स जवळजवळ गप्प. म्हणजे चांगला माल स्वतःकडे आणि उरलेला आम्हाला! मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळ्यांच्या देखत म्हणालो, "डावा बॉक्स कमी वाजतो."

"कुठं बसून ऐकलंस?"

"कुठं म्हणजे? सोफ्यावर."

"सोफ्यावरून डावा कमी येतो?" तो समाधानाने मान हलवत म्हणाला, "मग बरोबर लागलंय." आणि खिडकी लावून बसला.

ह्याला काय म्हणायचं? मला वाटलं, मुजोरी. मी त्याला पुन्हा सांगायला गेलो नाही आणि घरातही बोललो नाही, कारण फसलो हे बायकोपुढे कबूल कोण करणार? मी गुपचूप ॲम्पवरचा, डावा-उजवा आवाज तोलणारा बॅलन्सचा नॉब डावीकडे फिरवायचो. मग जरा बरं वाटायचं. पण दुसऱ्या संध्याकाळी कामावरून येऊन बघावं तर नॉब पुन्हा बरोबर मधे. पुसताना हलत असेल, असं मी धरून चाललो. मी डावीकडे करायचो, तो मधे यायचा. असं अकरा वर्षं चाललं. त्या अकरा वर्षांत तो निवृत्त झाला, मी सुपरवायझर झालो, कारखान्यातल्या निम्म्या लोकांनी घरात साउंडबार लावले आणि मोबाइलवरून गाणी वाजवायला लागले. पण त्याचं नाव निघालं की अजून लोकांचे चेहरे खुलायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. दिवाळीला तो घरी यायचा, टाळी वाजवायचा, सोफ्यावर न बसता स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचा आणि हिच्या हातचा दोनदा चहा घ्यायचा. मला विचारायचा, "डावा कसा हाय?" मी म्हणायचो, "कमीच." तो हसायचा.

परवाच्या भाताच्या कापणीत तो गेला. खळ्यावरच बसल्या जागी.

बाराव्याला आम्ही दोघं पोशीरला गेलो. खोलीत माणसं मावत नव्हती. आमचा हेडक्लार्क होता, बसचा ड्रायव्हर होता, अनोळखी कितीतरी होते, आणि मी उंबरा ओलांडला तेव्हा काय झालं ते मलाच कळलं नाही, माझ्या हातांनी टाळी वाजवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याची बायको भिंतीशी बसली होती, ती तोंडाला पदर लावून रडता रडता हसली. कोपऱ्यात खिळ्याला ती सुतळी टांगलेली होती. मी जवळ जाऊन गाठी बघितल्या. सगळ्या सारख्याच. त्यातली आमच्या घरातली कुठली ते मला ओळखता आलं नाही, आणि त्या माणसांनी भरलेल्या खोलीत, माणूस गेलेला असताना, मी त्याच्यावर जळलो. आमची गाठ त्याला न बघता सांगता आली असती.

घरी आल्यावर बायकोने कपडे बदलले, चहा टाकला आणि पाट घेऊन दाराशी बसली. "मावशी लावा ना जरा," ती म्हणाली.

मी लावली. सवयीने नॉब डावीकडे फिरवायला गेलो, तर ती म्हणाली, "आज नको." मग मी सोफ्याकडे वळलो. पण त्या दिवशी एकट्याने तिकडे उंचावर जाऊन बसावंसं वाटेना. मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो. ती जरा सरकली आणि मला तिच्या पाटावर घेतलं.

मावशी समोर उभी होती. बॉक्समध्ये नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. टीव्हीच्या पुढे, मोकळ्या जागेत, माणूसभर उंचीवर. ती श्वास घेत होती. तिच्या मागे बायकांच्या बांगड्या वाजत होत्या, लांब कोणीतरी पोराला हाक मारत होतं, आणि एका बाजूला कोणीतरी दबल्या आवाजात हुंदका दिला. तो हुंदका नवरीचा होता. माझ्या शेजारी बसलेल्या बाईचा, सत्तावीस वर्षांपूर्वीचा.

"इथून असं ऐकू येतं?" मी विचारलं.

"इथूनच तर येतं," ती म्हणाली. "तुम्हीच त्यांना सांगितलं होतं ना, बायकोसाठी पाहिजे म्हणून? ते मला म्हणाले, वहिनी, तुमच्या मालकानं तुमच्यासाठी मागितलंय, म्हणून तुमच्या कानाला लावतोय. त्याला सोफ्यावरून नीट यायचं नाय, पण त्याला ते चालंल, तसं बोललाय तो."

'मला ते चालेल' असं मी कधी म्हणालो नव्हतो. एक अक्षर नाही.

"तुम्ही नॉब फिरवायचात तेव्हा मला कळायचं, तिकडून कमी येतंय," ती पुढे म्हणाली. "मी सकाळी परत लावून घ्यायची. पण तुम्ही एका शब्दानं कधी बोलला नाहीत. तुमचा राग आला ना, की मी तेवढं आठवायची."

मला वाटलं होतं, माणूस गेला म्हणजे आता तरी जळणं संपेल. तो अकरा वर्षं माझ्या घरात, माझ्या नावावर, माझ्याहून चांगला नवरा होऊन बसला होता. आणि बसमध्ये वळून माझ्याकडे बघितलं तेव्हाच माझं खोटं त्याच्या कानाला लागलं असणार, भात झोडल्यासारखं स्वच्छ.

ती माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "बोललो होतो तसं." आणि पाटावरून उठून तिला तिच्या जागी बसवलं. मी शेजारी फरशीवर बसलो. तिथून डावा बॉक्स थोडा कमीच येत होता.